दोनकमी शेठ खोली सोडतात

दोनकमी शेठ हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि समोरचा काही का भाव सांगेना, हे म्हणणार, "दोन कमी करा." घाऊक बाजारातून पातेल्यांची थप्पी उचलायची असो नाहीतर न्हाव्याकडे दाढी करायची असो, दोन कमी. एकदा डॉक्टरांनी सांगितलं, रोज पाच गोळ्या घ्या, तर यांच्या तोंडून निघालंच, "तिनात भागवा ना." डॉक्टर हसले, पण गोळ्या पाचच लिहिल्या.

त्यांच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणे. आणि खरं सांगायचं तर शेठच्या घासाघिशीतला निम्मा वाटा वहिनींचा. घाऊक बाजारात खरेदीला दोघं बरोबर जायची. शेठनी भाव पाडून मागायचा, पेढीवाल्यानं कानावर हात ठेवायचे. मग शेठ उठायचे, पिशवी उचलायचे आणि म्हणायचे, "राहू द्या मग." तेवढ्यात वहिनींनी त्यांची बाही ओढायची आणि म्हणायचं, "चला हो, पलीकडे बघू." मग दोघांनी हळूहळू चालू लागायचं. फार भरभर गेलं तर पेढीवाला खरंच सोडून देतो आणि फार रेंगाळलं तर त्याला कळतं की हे नाटक आहे. पेढीची पायरी उतरायच्या आत मागून हाक यायची, "अहो शेठ, या इकडे! तुम्ही पण ना, लगेच रागावता!" हाक आली नाही असं कधी झालं नाही. हे दोघांनी बसून ठरवलेलं नव्हतं बरं का. लग्नानंतर आपोआप जमत गेलं आणि पुढे इतकं अंगात भिनलं की वहिनींना आपण बाही ओढतोय हे कळतसुद्धा नसे.

अशी ही दोघं परक्या शहरात, चकचकीत हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर कशाला आली होती? तर ठकीसाठी.

ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पाच वर्षांपूर्वी तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं आणि घरी येऊन सांगितलं. मुलगा वाईट होता असं कोणीच म्हणत नव्हतं. पण आपल्याला विचारलं नाही, हे शेठच्या जिव्हारी लागलं. मग त्यांनी काय करावं? पोटच्या पोरीशी बोलणी सुरू केली. वर्षभर थांब. बरं, सहा महिने थांब. बरं, निदान त्याला आधी दुकानात येऊन मला भेटू दे. पोरगी बापावरच गेलेली, ती काही खाली उतरेना. शेवटी शेठ म्हणाले, "राहू दे मग. जा." आणि पाठ फिरवून कपाट आवरायला लागले. त्यांच्या हिशोबानं जिन्याच्या वळणावरून तरी हाक यायला हवी होती. ठकी जिना उतरली, रस्त्याला लागली आणि गेली. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. का फुटलं नाही, ते त्यांना अजून सांगता येत नाही.

तेव्हापासून वहिनींचा धाकटा भाऊ, म्हणजे ठकीचा मामा, एवढाच काय तो धागा उरला होता. ठकी दोन-तीन महिन्यांनी त्याला फोन करायची, तोही नंबर दिसणार नाही असा. "बरी आहे" यापलीकडे काही सांगायची नाही. यंदा वहिनींच्या छातीत कळ येऊन गेली आणि दवाखान्यातल्या खाटेवरच त्यांनी भावाला सांगितलं, "तिला म्हणावं, एकदा डोळ्यांना दिसू दे मला. पुढं तुझं तू." दीड महिन्यानं उत्तर आलं. येते म्हणाली. पण अटी सगळ्या तिच्या. आपला नंबर द्यायचा नाही, पत्ता द्यायचा नाही, त्यांचाही नंबर तिला नको. त्यांनी शहरात यावं, हॉटेल आणि खोली कुठली ते मामाकडे कळवून ठेवावं, ती स्वतः खोलीवर येऊन भेटेल. बाबा आले तरी चालतील, पण बोलेल फक्त आई.

शेठनी मुकाट्यानं मान हलवली. दोन कमी म्हणाले नाहीत.

शनिवारी दोघं येऊन थडकली. सोमवारी सकाळपर्यंतचं बुकिंग होतं, भेट रविवारची ठरली होती. शेठनी दुकानातून दूध तापवायचं जाड बुडाचं पातेलं आणलं होतं, कागदात गुंडाळून. "इथं सगळी पातळ पत्र्याची मिळतात, दूध लागतं तळाला," असं ते प्रवासात दोनदा म्हणाले. रविवारी वहिनी सकाळपासून खुर्चीवर बसून होत्या. लिफ्टचं दार वाजलं की उठायच्या. दुपारी मामाचा फोन आला, "ताई, तिला आज जमत नाहीये. उद्या दुपारी नक्की येते म्हणालीय. खोली तीच ना, असं दोनदा विचारलं तिनं. मी म्हटलं, तीच. तुम्ही हलू नका तिथून."

आता आली का पंचाईत? दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा तक्ता लावलेला होता. वहिनींनी तो वाचला. सकाळी अकराच्या आत खोली सोडावी. त्यापुढं थांबल्यास अर्ध्या दिवसाचं भाडं. ठरलेल्या मुक्कामात बदल केल्यास त्याचा आकार वेगळा. वहिनी म्हणाल्या, "हे बघा, मागतील ते देऊन टाका. आज तुमचं ते नको."

"अगं, आज कसलं आलंय," शेठ म्हणाले. आणि मनापासून म्हणाले हो. खोटं नव्हते बोलत.

सोमवारी सकाळी दोघं खाली आली. काउंटरवर गळ्याला निळा रुमाल बांधलेली मुलगी होती. वयानं ठकीएवढीच असेल. सोफ्यांवर माणसांची ही गर्दी, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी. दातांच्या डॉक्टरांचं कसलंसं संमेलन होतं आणि निम्म्यांना अजून खोल्या मिळायच्या होत्या.

"आम्हाला आजच्या दिवस थांबायचंय," शेठ म्हणाले. "संध्याकाळपर्यंत."

"चालेल सर. चारपर्यंत थांबलात तर अर्ध्या दिवसाचं भाडं पडेल, त्यापुढं पूर्ण दिवसाचं. आणि तुमचं बुकिंग सवलतीच्या दरातलं आहे, त्यामुळे मुक्काम बदलल्याचा आकार त्यावर."

"बदलल्याचा? आम्ही काय बदललं? खोली तीच, माणसं तीच."

"तारीख बदलते ना, सर."

"तारीख तर रोजच बदलते! तिचे पैसे आम्ही का द्यायचे?"

मुलीला हसू आलं. आणि तिथंच घात झाला. समोरचा हसला म्हणजे सौदा तापला, हे शेठच्या रक्तात. त्यांनी कोपर काउंटरवर टेकलं. वहिनींना ते कोपर ओळखीचं होतं. त्यांनी पर्समधून पैसे बाहेर काढले आणि शेठच्या पायावर हळूच पाय दिला.

"भाडं घ्या, आकार सोडा," शेठ म्हणाले.

"तो सोडता येत नाही, सर."

"बरं, आकार घ्या, भाड्यात दोन कमी करा."

"दर मी नाही ठरवत, सर. सिस्टिममधून येतात."

"मग तुमच्या त्या सिस्टिमला बोलवा बाहेर. मी बोलतो त्याच्याशी."

मागच्या रांगेतला एक दातांचा डॉक्टर खो-खो हसला. शेठना चेव आला. त्यांनी खोलीचं कार्ड खिशातून काढलं, काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "राहू द्या मग. आम्ही खोली सोडतो."

आणि इथं, बघा, वहिनींचा हात आपसूक उठला. शेठची बाही धरून त्या म्हणाल्या, "चला हो, पलीकडे बघू."

आपलाच आवाज त्यांना नंतर ऐकू आला. ज्या बाईनं पोरीच्या तोंडाकडे बघायला दोन दिवस डोळ्यांत प्राण आणले होते, तिनंच हे म्हटलं! जीभ झडावी असं वाटलं त्यांना. पण शब्द गेला तो गेला.

"ठीक आहे, सर," मुलगी म्हणाली. तिची बोटं भराभर चालली. "मी चेकआउट करून टाकते. सामान खाली मागवू का?"

"मागवा!" शेठ म्हणाले. पेढीवरसुद्धा कधीकधी समोरचा असा ताणून धरतो.

दोघं हळूहळू दाराकडे निघाली. अगदी पेढीवर निघायची तशीच. वहिनी कुजबुजत होत्या, "अहो, फिरा मागं, फिरा." शेठ ओठ न हलवता म्हणत होते, "थांब गं, येतेय हाक." काचेचं दार आपोआप उघडलं, दोघं बाहेर पडली आणि दार आपोआप मिटलं. पायरी वगैरे काही नव्हतीच तिथं.

फुटपाथवर उन्हात दोघं उभी राहिली.

"अहो, ती बघतसुद्धा नाहीये आपल्याकडे."

"लगेच बघायचं नसतं. तेच तर कसब आहे."

मग दार उघडलं. शेठचा चेहरा खुलला. पण बाहेर आला तो सामान वाहणारा माणूस. त्यानं दोन बॅगा फुटपाथवर ठेवल्या, त्यांच्यावर कागदात गुंडाळलेलं पातेलं ठेवलं आणि विचारलं, "टॅक्सी बोलवू, साहेब?"

 वहिनींनी शेठकडे बघितलंसुद्धा नाही, तशाच आत गेल्या. मुलीनं मान वर केली. शेठही मागोमाग आले तशी ती म्हणाली, "नमस्कार सर. आपलं बुकिंग आहे का?"

"अहो, आम्हीच ते," वहिनी म्हणाल्या. "आत्ता कार्ड ठेवलं ना यांनी. ते परत द्या. हे घ्या पैसे, सगळे घ्या."

मुलीचा चेहरा उतरला. "मॅडम, ती खोली गेली."

"गेली म्हणजे?"

"चेकआउट झालं की खोली आपोआप मोकळी दिसते. डॉक्टरांची यादी थांबलेली होती, पहिल्या नावाला लागून गेली ती. आज एकही खोली नाहीये."

"अगं पोरी, ते खोली सोडणं म्हणजे... ते खरं नव्हतं," शेठ म्हणाले. "बोलणी चालली होती आपली."

"तुम्ही खोली सोडतो म्हणालात, सर. मॅडमही म्हणाल्या चला." ती अगदी रडवेली झाली होती, आणि तिची तरी काय चूक? गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नसतं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. जाणाऱ्याला हसून निरोप द्यायचा, एवढंच शिकवलं होतं.

मग मॅनेजर आला. बोलायला असा मऊ की त्याच्यावर ओरडावं तरी कसं? "मी तुमची अडचण समजू शकतो," हे तो इतक्या वेळा म्हणाला की वहिनींना वाटलं, याला काहीएक समजलेलं नाही. झालेलं चेकआउट मागं फिरवता येत नाही. दुसऱ्या पाहुण्याला लागलेली खोली काढून घेता येत नाही. दुसऱ्या हॉटेलात चौकशी करून देऊ, हवं तर. "दुसऱ्या हॉटेलात जाऊन मी काय करू?" वहिनी म्हणाल्या. "माझी मुलगी इथं येणार आहे. याच खोलीत. पाच वर्षांनी." मॅनेजरनं सोफ्यांकडे हात केला. मग म्हणाला, "तुम्ही लॉबीत हवा तितका वेळ बसा, बाई. त्याचं काहीही पडणार नाही."

शेठनी त्याच्यापुढं हात जोडले. "दुप्पट घ्या," म्हणाले. "चौपट घ्या. मी देतो ना." त्या माणसाला भाव वर नेताना वहिनींनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण विकायलाच काही नसेल तर चौपट देऊन काय उपयोग?

निळ्या रुमालाच्या मुलीनं मात्र माणुसकी दाखवली. वहिनींनी सांगितलं तसं तिनं चिठ्ठीवर लिहिलं, की चारशे बारा नंबरची चौकशी करत कोणी तरुण बाई आली तर तिला सोफ्याकडे पाठवावं, आईवडील इथंच बसले आहेत. चिठ्ठी तिनं काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवली. "मी गेले तरी पुढच्या ड्युटीवाल्याला सांगून जाईन," म्हणाली. वहिनींना थोडा धीर आला.

दाराच्या अगदी समोरचा सोफा त्यांनी धरला. पाच मिनिटं बसल्या आणि परत उठल्या. ठकीनं कोणाला विचारलंच नाही तर? तिला आकडा ठाऊक आहे. डॉक्टरांच्या घोळक्यातून ती सरळ वर गेली आणि दार दुसऱ्याच कोणी उघडलं तर? लिफ्टला कार्ड लागत होतं. वहिनी दोन डॉक्टरांच्या पाठोपाठ आत शिरल्या आणि चौथ्या मजल्यावर उतरल्या.

चारशे बाराचं दार उघडं होतं. सफाईवाली बाई पलंगावर नवी चादर ओढत होती. ठकी बसेल म्हणून वहिनींनी खुर्ची खिडकीजवळ, उजेडात ओढून ठेवली होती. ती आता परत भिंतीला लागली होती. वहिनी उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या.

"काही राहिलं का तुमचं?" बाईनं विचारलं.

"नाही. माझी मुलगी येईल दुपारी. मी इथं बाहेर उभी राहिले तर चालेल का? कोणाला त्रास नाही देणार."

बाई चादर हातात धरून तशीच थांबली. "खोली नसलेल्यांना वर थांबू देत नाहीत हो, ताई. तिकडे कॅमेरा आहे, मलाच बोलणी बसतील." मग जरा जवळ येऊन म्हणाली, "मी या मजल्यावर आहे चारपर्यंत. कोणी दिसली तर खाली पाठवते. कशी दिसते?"

कशी दिसते? वहिनींनी तोंड उघडलं आणि त्या अडखळल्या. पाच वर्षांपूर्वी केस लांब होते. अंगानं बारीक होती. आता कशी असेल, देवाला ठाऊक. "नाक यांच्यासारखं आहे," एवढंच त्या म्हणाल्या. ते 'हे' कोण, हे त्या बाईला कुठं माहीत?

त्या खाली आल्या. शेठ दोन बॅगांच्या मध्ये, पातेलं मांडीवर घेऊन बसले होते. बाजारात ऐटीत फिरणारा माणूस, इथं कसा मावळून गेला होता. वहिनींना राग आला, कीव आली आणि दोन्ही एकदमच आली.

"माझं चुकलं," शेठ म्हणाले.

"मी पण म्हटलंच की," वहिनी म्हणाल्या.



शेठनी मामाला फोन लावला. मामानं आधी कपाळ बडवून घेतलं, मग म्हणाला, "दाजी, आता तुम्हाला काय बोलू? तिचा नंबर असता तर लगेच लावला नसता का? तिचा आला तर सांगतो. तुम्ही हलू नका तिथून." हलू नका, हे काल म्हणाला होता तेच.

मग सुरू झालं ते बसणं. काचेचं दार उघडायचं, मिटायचं. प्रत्येक बाई आत आली की वहिनींची नजर आधी तिच्या नाकाकडे जायची. एक आली, अगदी तशीच चाल. वहिनी उठून चार पावलं पुढंही गेल्या, पण तिनं गळ्यात नावाची पट्टी अडकवली आणि ती डॉक्टरांत मिसळली. दुपारी शेठनी दोन चहा आणले. ते दोन्ही गार झाले. शौचालयाला जायचं तरी वहिनी शेठना बजावायच्या, "दारावरनं नजर काढू नका." निळ्या रुमालाची मुलगी ड्युटी संपवून निघाली तेव्हा सोफ्यापाशी आली. "सांगून ठेवलंय मी," म्हणाली. "सॉरी हां, काकू." तिचा आवाज आता शिकवलेला वाटत नव्हता. तिच्या जागी चष्मा लावलेला एक मुलगा आला. वहिनींनी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं चिठ्ठी दाखवली. चिठ्ठी होती जागेवर.

चार वाजले. सफाईवाली बाई घरी जाताना लांबूनच मान हलवून गेली. दारातलं ऊन सरकत सरकत बाहेर गेलं. "रस्त्यात अडकली असेल," शेठ म्हणाले. "नोकरी करत असेल, सुटल्यावर येईल." वहिनी हो म्हणाल्या. मग ते म्हणाले, "तिनं मन बदललं असेल का गं?" वहिनींनी दारावरची नजर काढली नाही. मन बदललं असेल तर बदलो बापडीचं. पण खोली तीच ना, असं दोनदा विचारणारी पोर मन कशाला बदलेल? हाच किडा त्यांचं डोकं पोखरत होता.

दिवे लागले तेव्हा त्या उठून काउंटरवर गेल्या. "बाळा," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या, "कोणाचा फोन तर नव्हता ना आला? चारशे बारासाठी?"

"फोन इथं येत नाहीत, काकू. ते खाली तळघरात घेतात. ऑपरेटर बसतात तिथं."

वहिनींनी काउंटर धरलं. "मग चिठ्ठी?"

"चिठ्ठी इथली आहे." त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं. त्यानं घाईघाईनं रिसीव्हर उचलला, खाली कोणाशी तरी बोलला आणि वहिनींची नजर टाळून म्हणाला, "त्या वर येतायत. तुमच्याशी बोलतील."

ऑपरेटर बाई पन्नाशीच्या, खांद्याला पर्स, घरी निघालेल्या. त्या सोफ्याच्या कडेला टेकल्या. शेठ पातेलं खाली ठेवून पुढं सरकले.

"चारशे बारासाठी एक फोन आला होता," बाई म्हणाल्या. "दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी. खोलीला जोडून द्या म्हणाली. मी बघितलं तर तुमचं चेकआउट दाखवत होतं."

"आम्ही इथं होतो," वहिनी म्हणाल्या. "या सोफ्यावर."

"मला कसं कळणार हो? आम्हाला खाली वरचं काही दिसत नाही. खोली सोडलेल्या माणसाच्या नावावर निरोप ठेवायला तर जागाच नसते सिस्टिममध्ये. मी आपलं नेहमीचं सांगितलं, ते सकाळीच खोली सोडून गेले."

"मग?"

"'गेले?' म्हणाली. मग विचारलं, स्वतःच गेले का. मी म्हटलं हो, मुदतीच्या आतच गेलेत. मग, काही निरोप आहे का म्हणाली. मी म्हटलं नाही.  मग 'बरं, थँक्यू' म्हणाली."

शेठनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वहिनी मात्र त्या बाईंच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होत्या. त्या कानांनी ठकीचा आवाज ऐकला होता, पाच वर्षांत वहिनींनी ऐकला नव्हता तो.

"कसा होता आवाज? रडत होती का?"

"नाही. म्हणजे, मला दिवसभरात इतके फोन येतात ताई, सगळे कुठं लक्षात राहायला. हा राहिला कारण मागं एक लहान मूल होतं, ते मला तिचं बोलणं धड ऐकूच देईना. 'मी बूट घातले, मी बूट घातले, चल ना आता,' म्हणून एकसारखं ओरडत होतं."

लॉबीत डॉक्टरांचा कसलासा हशा उसळला. वहिनींना तो ओसरेपर्यंत थांबावं लागलं.

"तिचं मूल होतं?"

"आई म्हणून हाक मारत होतं. तीनेक वर्षांचं असेल बोलण्यावरून." बाई दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

 वहिनींनी पुढं वाकून त्या परक्या बाईचा हात धरला.

"मुलगा होता की मुलगी?"

बाईंनी खरोखर आठवून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं.

"नाही हो सांगता येत," त्या म्हणाल्या. "एवढ्या वयात आवाजावरून नाही कळत."